काळ्या नळीचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या खोलीचा पत्रा बोलायला लागतो. सकाळी दहाच्या सुमारास पहिली तडतड होते, मग थोडं थांबून दुसरी, आणि अकरापर्यंत सगळं छप्पर अंग मोडून आळस देऊ लागतं. परवा हा आवाज आला तेव्हा मी एका बंगल्याच्या जिन्याला रंग देत बसले होते. हात माउसवर तसाच राहिला. दारातून गरम मातीचा वास आत आला. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दोन काळ्या नळ्यांमधून पाणी फिरत होतं, इतक्या हळू की ते ऐकू येतंय की नुसतं आठवतंय हे कळू नये. आणि मला चार वर्षांपूर्वीचा उन्हाळा असा काही आठवला की त्या दिवशी जिना तसाच राहिला.

मी घरांची चित्रं काढते. अजून न बांधलेल्या घरांची. न्हावऱ्याच्या आमच्या वस्तीवर, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत बसून. आमच्या भागात कांद्याला बरा भाव लागला की माणूस पाया खणायच्या आधी घराचा थ्रीडी फोटो करून घेतो. नवराबायको गाडीवर बसून येतात, खुर्चीच्या कडेला टेकतात, आणि मागण्या सांगतात. खांब गोल पाहिजेत. पोर्चमध्ये गाडी उभी दाखवा, गाडी अजून घ्यायचीय पण दाखवा. एका तात्यांना गच्चीवरची पाण्याची टाकी ट्रॅक्टरच्या आकाराची हवी होती. मी ती काढून दिली, चाकांसकट. मग आठवड्याने मी चित्र पडद्यावर उघडते. बाईमाणूस पदर सावरून पुढं वाकते आणि हळूच विचारते, हे आमचंच ना. या एका प्रश्नासाठी मी हे काम करते, असं मी कुणाला सांगत नाही, पण आहे ते तसंच आहे.

चित्र आखायला वेळ लागत नाही. वेळ लागतो ते पुरं व्हायला. कुठल्या खिडकीतून ऊन कसं येईल, फरशीवर कठड्याची सावली कुठवर पडेल, हे सगळं कॉम्प्युटर तासन्‌तास हिशेब करून ठरवतो. आई त्याला शिजवणं म्हणते. "शिजलं का तुझं?" असं ती दाराशी येऊन विचारते. आणि शिजवताना आच लागतेच. कॉम्प्युटरच्या पोटात दोन चिप आहेत ज्या खरं काम करतात, एक प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड, आणि दोन्ही भट्टीसारख्या तापतात. थंडीत काही वाटत नाही. मांजर येऊन त्याच्या मागं झोपतं. पण एप्रिलमध्ये पत्र्याखालची हवाच इतकी तापलेली असते की पंखे आत जी हवा ओढतात तीही गरमच. कॉम्प्युटर थोडा वेळ तग धरतो आणि मग जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो. पाच तास शिजलेलं चित्र गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

सगळे उपाय करून झाले होते. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, ते वाऱ्याने गोठ्यात गेलं. कूलर आणला, तर खोलीत दमट हवा साचून कागद ओले झाले. आमच्याकडच्या लायटीवर एसी चालणार नाही हे वायरमनने येऊन, हसून सांगितलं. तेव्हाच पुण्याच्या एका ऑफिसनं मला बोलावलं होतं. काम हेच, फक्त काचेच्या थंड खोलीत बसून, बिल्डरांच्या बारा मजली इमारतींचं. ते जूनपर्यंत खुर्ची रिकामी ठेवणार होते. आईला वाटत होतं मी जावं. मला जायचं नव्हतं. का, ते मला नीट सांगता येत नव्हतं. मला ट्रॅक्टरच्या आकाराची टाकी मागणारी माणसं हवी होती, आणि दुपारी काम थांबलं की गोठ्यात जाऊन वासराच्या कपाळावर हात ठेवता यायला हवा होता, एवढंच.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल पाडव्याच्या दिवशी दिला. पुरणपोळीवर तूप घेता घेता ते म्हणाले, "मे संपंस्तवर तुझं मशिन भर दुपारचं बंद न पडता चाललं तर राहा. न्हाईतर जूनला पुन्याला." अण्णा थोडं बोलतात आणि बोललेलं मागं घेत नाहीत. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून माझा उन्हाळा सुरू झाला.

पाण्याने कॉम्प्युटर थंड करतात हे मला व्हिडिओ बघून माहीत होतं. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं काचेच्या पेटीत काचेच्या नळ्या वळवतात, त्यातून निळं, जांभळं, कधी दुधासारखं पाणी फिरतं, आणि आत दिवे लागलेले असतात. भर दुपारी ओला टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडायचं आणि ते बघत राहायचं. पत्रा तडतडायचा, बाहेर झाडावर होले घुमायचे, आणि माझ्या डोळ्यांपुढून निळं पाणी जायचं. झोप लागली तरी ते जातच राहायचं. त्या झोपेत मी कितीतरी वेळा ते यंत्र जोडलं असेल. जाग आली की उशाशी वही असायची, आणि वहीत याद्या.

याद्या करण्यातला आनंद मला त्या वर्षी कळला. चिपच्या डोक्यावर बसणारी तांब्याची चपटी डबी, तिला ब्लॉक म्हणतात. तिच्या आत केसांइतक्या बारीक खाचा, त्यातून पाणी जातं आणि आच उचलतं. मग ती आच हवेत सोडायला जाळीचा रेडिएटर. पाणी ढकलायला मुठीएवढा पंप. पाणी साठवायला छोटी टाकी. आणि हे सगळं जोडायला नळ्या आणि पितळी जोड. प्रत्येकाचे पन्नास प्रकार. मी एक निवडायचे, रात्रभर विचार करून सकाळी खोडायचे. लग्नाची मुलं बघताना मैत्रिणी इतका विचार करत नव्हत्या. आई एकदा म्हणाली की या वहीतल्या कुणाशी तरी एकदाचं लावून टाक.

वही घेऊन मी दौंडला मामाकडं गेले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सारी हयात रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर होते. आता निवृत्त होऊन रेल्वे कॉलनीच्या पलीकडं दोन खोल्यांच्या घरात राहतात. न्हावऱ्याहून दौंडला जायचं तर भीमा ओलांडावी लागते. एप्रिलमध्ये नदीत पाण्यापेक्षा हिरवी पानंच जास्त दिसतात, आणि पुलावरून जाताना स्कूटीला जरा गार वारं लागतं. पुढं उसाच्या रांगा, मग एकदम मालगाडीचा भोंगा. मला दौंडचा तो भोंगा लहानपणापासून आवडतो. कुणीतरी फार लांब चाललंय आणि जाताना सांगून जातंय, असं वाटतं.

मामांनी वहीतलं निळ्या पाण्याचं चित्र बराच वेळ बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं. मामींनी ताक आणून दिलं ते पिऊन झालं, मग ते बोलले.

"पानी थंड करत न्हाई, पोरी. पानी निस्तं वाहून नेतं. तू ही आच नेऊन टाकनार कुठं, ते आधी सांग."

मी म्हटलं, कुठं म्हणजे, पेटीतच, रेडिएटरमधून. त्यांनी विचारलं, पेटी कुठं? खोलीत. खोली कसली? पत्र्याची. मग त्यांनी ताकाचा रिकामा ग्लास खाली ठेवला. महिनाभर मी जे व्हिडिओ बघत होते त्यातली माणसं थंड देशात, थंड खोलीत बसलेली होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी तापलेल्या खोलीतली आच त्याच तापलेल्या खोलीत ओतणार होते. लाज वाटली, आणि हसूही आलं.

म्हणून आमचा रेडिएटर घराबाहेर आहे. भिंतीला भोक पाडून, उत्तरेच्या अंगाला, जांभळाच्या सावलीत. तिथं आईचा रांजण असतो. त्या जागी मेमध्येही हात लावला तर भिंत गार लागते. एवढ्या लांब पाणी न्यायचं म्हणजे पंप दमदार हवा, म्हणून पंप बदलला. पाऊस आणि उंदीर यांच्यापासून राखायला पत्र्याची टोपी आणि जाळी. माझ्या वहीतली काचेची पेटी अशी एकेक पान खोडत खोडत भिंतीबाहेर गेली. आणि आईने चार दिवसांत शोध लावला की रेडिएटरमधून येणाऱ्या कोमट वाऱ्यावर सावलीतल्या कुरडया फार छान वाळतात. अजूनही दर उन्हाळ्यात माझ्या यंत्राच्या तोंडाशी एक खाट आणि तिच्यावर धोतर अंथरलेलं असतं. कामं कमी असली की आई तक्रार करते की वारा पडला.

मामांनी दुसरा प्रश्न विचारला तो धातूचा. मी रेडिएटर निवडला होता तो दिसायला देखणा होता, वजनाला हलका होता. "हलका म्हंजी अल्युमिनियम," ते म्हणाले. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर अल्युमिनियमचा एकाच पाण्यात ठेवला तर ते पाणी दोघांच्यात भांडण लावतं आणि एक धातू दुसऱ्याला आतून खात जातो. बाहेरून काही दिसत नाही. हे सांगताना मामांचा आवाज बदलला. इंजिनाच्या पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन उजेडाकडं धरायचा, रंग बघायचा, औषध कमी पडलं का बघायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी पाण्याबद्दल काही विचारलं नव्हतं. मी विचारलं. त्या दुपारी ते थकले नाहीत. मी निघाले तेव्हा गाडीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, शुद्ध पाणी घे बाटलीतलं, विहिरीचं घालू नकोस.

हे मी घरी येऊन सांगितलं ती माझी चूक. आमच्या विहिरीच्या पाण्याला नाव ठेवलेलं अण्णांना आजवर सहन झालेलं नाही. दोन दिवस ते मामांचा उल्लेख "तुझे इंजिनवाले" असा करत होते. शेवटी आईने रांजणाच्या आतली क्षारांची पांढरी रेघ त्यांना नखाने खरवडून दाखवली. तेव्हा विषय संपला, पण पटलं असं ते म्हणाले नाहीत.

आणि तरी नळी त्यांनीच निवडली. मी पारदर्शक नळी घेणार होते. एवढं सगळं सोडलं, निळं पाणी तरी दिसू दे, असं मला फार वाटत होतं. अण्णा वांग्याच्या पट्ट्यातून आले, वही बघितली, आणि विचारलं, "आपली ठिबकची नळी काळीच का असती?" मी म्हटलं, स्वस्त पडत असेल. ते म्हणाले, उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं, आणि शेवाळ धरलं की बारीक भोकं आधी बुजतात. तुझ्या त्या डबीत खाचा किती बारीक आहेत म्हणालीस? मी त्या रात्री निळं पाणी खोडलं. खरं सांगते, थोडं रडू आलं. मग मी सगळीकडं काळी नळी मागवली. आता माझ्या यंत्रात बघण्यासारखं काहीच नाही, कुणी आलं तर त्याला वाटतं ठिबकचाच राहिलेला तुकडा भिंतीतून घातलाय.

सामान कुरिअरने शिरूरपर्यंतच यायचं. फोन आला की शिरूरला जायचं, एस.टी. स्टँडजवळच्या त्या अरुंद गाळ्यात नाव सांगायचं, आणि पुड्या पायाशी ठेवून परत. उन्हात घोडनदीचा रस्ता पांढरा दिसायचा. वाटेत रसवंतीवर थांबून मी खोकं उघडून बघायचे. पितळेचे जोड हातात घेतले की वजन जाणवायचं. तांब्याच्या ब्लॉकवर माझा चेहरा तांबडा दिसायचा. रसवाल्या आजींनी एकदा विचारलं, दागिना हाय का. मी हो म्हटलं.

आता चूक कुठं झाली ते सांगते. ती चूक माझी एकटीची नव्हती, आमच्या घराण्याची होती.

आमची जमीन टोकाला आहे. कालव्याच्या चारीला पाणी सुटलं की वरचे सगळे घेऊन झाल्यावर उरलं तर आमच्या बांधाला ओल येते. विहीर आहे ती काकांच्यात आणि आमच्यात मिळून. तीन दिवस त्यांची पाळी, तीन दिवस आमची, सातवा दिवस विहिरीचा. पाळीच्या दिवशी अण्णा दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, गेले की जगात दुसरं काही चालू नसतं. माझ्या बारशाला पाळी होती, तर ते चार वाजता येऊन जेवले. काकांच्या मुलाच्या टिळ्याला त्यांनी आम्हाला पुढं पाठवलं. शेजारच्यांनी तासभर पाणी मागितलं तर नाही म्हणतात, आणि नाही म्हटल्याचं वाईटही वाटून घेत नाहीत. शेवटच्याला उष्टं, गरम, गढूळ मिळतं, हे मी बोलायला शिकायच्या आधी शिकले असेन.

म्हणून मी यंत्राची आखणी केली ती आमच्या रानासारखी. पंपातून निघालेली नळी पुढं दोन फाट्यांत वाटली. एक फाटा प्रोसेसरला, एक ग्राफिक्स कार्डाला. म्हणजे कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, दोघांना ताजं पाणी. पाणी आधी एकाकडं आणि मग दुसऱ्याकडं नेलं असतं तर दुसऱ्याला पहिल्याचं तापलेलं पाणी मिळालं असतं, आणि ते मला कसं चालेल? हे इतकं उघड होतं की मी मामांना विचारलंही नाही. अण्णांनी आखणी बघून मान हलवली. "दोघांला येगळी लाईन. बराबर हाय." त्यांनी माझ्या कुठल्या कामाला बरोबर म्हटल्याची ती पहिली वेळ. मी हवेत होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात भर बारा वाजता यंत्र चालू केलं. आई, अण्णा दोघं दारात. दहा मिनिटं छान गेली. मग प्रोसेसरचा आकडा चढायला लागला, चढत गेला, आणि सगळं बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तीन वेळा. अण्णा रानाकडं निघून गेले. आईने पुण्याला न्यायच्या पिशवीबद्दल विचारलं, चांगल्या मनानेच, आणि मी तिच्यावर ओरडले.

मामा दुसऱ्या दिवशी दोन एस.टी. बदलून आले. फोनवर मी फक्त चालत नाही एवढंच म्हटलं होतं. त्यांनी हातपाय धुतले, खोलीत आले, यंत्र चालू करायला सांगितलं आणि उजव्या हाताची बोटं पालथी करून आधी एका नळीला लावली, मग दुसऱ्या नळीला. एक कोमट होती आणि तिच्यात पाण्याची थरथर होती. दुसरी निपचित. ग्राफिक्स कार्डाच्या डबीतल्या खाचा मोठ्या होत्या, प्रोसेसरच्या बारीक. पाण्याला दोन वाटा मिळाल्या तर ते सोप्या वाटेने जातं. सगळं पाणी तिकडं चाललं होतं आणि प्रोसेसर तहानेनं मरत होता.

त्यांनी मला विचारलं, दोन वाटा का केल्यास. मी सांगितलं. दारात अण्णा होते, तेही ऐकत होते. मामांनी खाली बसून पाण्याच्या तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर एक गोल काढला.

"ह्याचं टोक दाखव," ते म्हणाले.

मी गोलाकडं बघत राहिले. "ते पानी मिनिटाला तीन-चार फेऱ्या मारतंय, पोरी. पुढं गेल्यालंच मागनं येतंय. ह्यात पहिला कोन आन् शेवटचा कोन?" उन्हाने तो गोल एका बाजूने वाळत चालला होता. टोकाला राहायच्या भीतीने मी स्वतःच एक टोक तयार केलं होतं, आणि बिचाऱ्या प्रोसेसरला तिथं नेऊन बसवलं होतं. मला अण्णांकडं बघायचा धीर झाला नाही. बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यातली मला सगळ्यात जास्त आठवते ती यानंतरची दुपार. मामांनी फाटे काढून टाकले, सगळं एका नळीत ओवलं. पंप, प्रोसेसर, कार्ड, भिंतीबाहेर रेडिएटर, परत टाकी. मग चिपला वीज न देता नुसता पंप चालू केला आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरलं. थेंब पडला तर कागदावर डाग दिसणार. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो आणि कागदाकडं बघत राहिलो. एवढंच काम. बाहेर कच्ची जांभळं गळून पडत होती, टप, आणि प्रत्येक वेळी मी दचकून कागद बघायचे. मामा मधेच सांगायचे, गुंटकलच्या बाजूला एकदा इंजिन घेऊन गेलो होतो, तिथं पहाटे धुकं इतकं होतं की सिग्नल स्वप्नात दिसावा तसा दिसायचा. मग कागदाकडं नजर. मग पुन्हा काहीतरी. पाणी फिरत होतं. ऊन दारातून सरकत खाटेपर्यंत गेलं. मला वाटत होतं की ही दुपार संपूच नये, कागद कोरा राहू दे आणि आम्ही बघतच बसू दे. अजूनही वर्षातून एकदा मी पाणी बदलते तेव्हा मामांचा फोन येतो. गुडघ्यांमुळं आता त्यांना एस.टी. चढवत नाही. ते विचारतात, रंग कसा हाय. मी बाटली उजेडाला धरते आणि सांगते.

एक अडचण मात्र पाण्याने सुटणारी नव्हती, आणि ती मला आधीपासूनच माहीत होती. वस्तीवर घराची लाईट आणि विहिरीवरच्या आमच्या मोटारीची लाईट एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येते. मोटार चालू झाली की घरातले दिवे पिवळे पडतात, व्होल्टेज घसरतं, आणि माझा स्टॅबिलायझर टकटक करून सगळं बंद करतो. म्हणून आमच्या पाळीच्या दिवशी मी दुपारचं मोठं काम धरतच नसे. काकांची मोटार पलीकडच्या डीपीवर आहे, त्यांच्या पाळीचे तीन दिवस ते माझे.

मेचा शेवटचा आठवडा आला. शिरूरच्या एका आडत्यांच्या बंगल्याचं काम होतं, चित्र नव्हे तर आख्खी फिल्म. फाटकातून आत, पोर्च, दिवाणखाना, जिना, गच्ची. सहा तास सलग शिजायला हवी. मध्ये बंद पडली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि गुरुवारी सकाळी ती द्यायचीच होती. मी घरात सांगून टाकलं की बुधवारी दहाला चालू करते, हेच काय ते. चाललं तर चाललं. पुण्याच्या माणसाला मी बुधवारी संध्याकाळी कळवते असा निरोप दिला.

दहाला बटण दाबलं. अकराला पत्रा तडतडला. बाराला मी बाहेर जाऊन रेडिएटरपुढं हात धरला, वारा चांगला कोमट येत होता, म्हणजे आच बाहेर पडत होती. आतला आकडा एका जागी थांबून होता. एकला आईने ताट खोलीतच आणून दिलं. दोन वाजता बाहेर डोळे उघडवत नव्हते, कोंबड्या गव्हाणीखाली चोच उघडी टाकून बसल्या होत्या, आणि माझ्या पडद्यावर एकेक करून खिडक्या उजळत होत्या, कुणाच्या तरी पुढच्या आयुष्यातल्या सकाळचं ऊन त्यांच्या फरशीवर पडत होतं. माझा डोळा लागला. त्या झोपेत मी त्या घरात चालत होते, फरशी पायाला गार लागत होती. जागी झाले तेव्हा चार वाजले होते आणि फिल्म गच्चीवर पोचली होती. सव्वाचारला ती पूर्ण झाली. मी पुन्हा पुन्हा बघितलं. खरंच पूर्ण झाली होती.

सांगायला म्हणून बाहेर पळाले. घरात अण्णा नव्हते. विहिरीकडं निघाले आणि अर्ध्या वाटेवर पाय थांबले. सगळं फार शांत होतं. दिवसभर मोटारीचा आवाज मी ऐकला नव्हता. बुधवार. आज आमची पाळी होती, आणि फिल्मच्या घाईत मला ते सुचलंच नव्हतं. मोटारीची दिवसाची लाईट दहाला आली होती, आणि सहाला जाणार होती.

अण्णा स्टार्टरच्या पेटीशी, बाभळीच्या तुटक्या सावलीत दगडावर बसले होते. डोक्यावर टॉवेल. खोरं बाजूला आडवं. ऊस आठ दिवसांचा तहानलेला होता आणि सऱ्यांमधली माती भेगाळून वर आली होती. सहा तास ते तिथं बसून होते, पेटीला हात न लावता. मला येताना बघून ते उठले.

"झालं का गं चित्र?"

"झालं, अण्णा."

त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. "मंग दाबू का बटन?"

मी मान हलवली. मोटार घरघरली, पाइपने दोनदा खोकून पाणी सोडलं, आणि अण्णा खोरं घेऊन रानात उतरले. मीही चपला काढून त्यांच्या मागं गेले. पुण्याला तिथूनच, पाण्यात उभी राहून, फोन केला. सहाला लाईट गेली तेव्हा टोकाच्या चार सऱ्या कोरड्याच राहिल्या होत्या. अण्णांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि खोरं खांद्यावर घेतलं.